ड्रोनच्या मेमरी कार्डाचं गणित : एक मोठं घ्यावं की चार छोटी?

प्रश्न थोडक्यात असा आहे की डीजेआय कंपनीचा मिनी ४ प्रो ड्रोन नवीन घेतलाय, तीन बॅटऱ्यांचा कॉम्बो, दुकानदाराने सोबत ६४ जीबीचं एक कार्ड दिलं, चुलतभावाच्या हळदीला उडवला तर तिसऱ्या बॅटरीला मधेच कार्ड फुल दाखवायला लागलं, एकदा कार्ड स्लो आहे असाही मेसेज आला, आता डिसेंबरात मालवणला जायचंय तर २५६ जीबीचं एकच दणकट कार्ड घेऊन टाकावं का, आणि घरी आल्यावर एवढा डेटा ठेवायचा कुठे.

एकच मोठं नको. ६४ ची तीन घ्या, बॅटरी तितकी कार्डं, आणि वर एक १२८ चं जादा बॅगेत पडू द्या. कारण सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

हातातल्या कॅमेऱ्याचं कार्ड आणि ड्रोनचं कार्ड यात फरक असा की कॅमेरा हातात असतो, ड्रोन नसतो. २५६ च्या कार्डावर सकाळच्या दोन बॅटऱ्यांचं शूट आहे आणि तिसऱ्यांदा तुम्ही तेच कार्ड घालून परत समुद्रावर उडवलं, की सकाळची सगळी मेहनत परत हवेत गेली. काही गरज नव्हती त्याची. देवबागला संगमापाशी, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, एका ओळखीतल्या मुलाचा ड्रोन वाऱ्याविरुद्ध परत येता येता बॅटरी संपून पाण्यात गेला. ड्रोनचं दुःख होतंच पण त्याहून जास्त रडला तो कार्डासाठी, कारण आदल्या दिवशीचा किल्ल्याबाहेरचा सूर्यास्त, बोटी, डॉल्फिनची फेरी, सगळं त्या एकाच कार्डावर. ड्रोन परत विकत मिळतो हो, तो सूर्यास्त कुठून आणणार. कार्ड पाण्यात पडून बरेचदा वाचतं, चांगल्या कंपन्यांची कार्डं पाणी सहन करतात, पण आधी ड्रोन सापडायला हवा ना.

म्हणून माझा नियम एकच आहे, एकदा उडून आलेलं फुटेज दुसऱ्यांदा उडवायचं नाही. खाली उतरला, बॅटरी बदलली, कार्डही बदललं. यात कार्डाची साइज हा मुद्दाच मागे पडतो बघा, कारण एका कार्डावर एका बॅटरीपुरतं मावलं की झालं.

आता एका बॅटरीत किती जातं ते बघू. मिनी ४ प्रो ४के मध्ये जास्तीत जास्त १५० एमबीपीएसने लिहितो. हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नाहीत, इथेच निम्मी जनता फसते. ८ ने भागा, सेकंदाला साधारण १८.७५ एमबी. मिनिटाला ११२५ एमबी, म्हणजे १.१ जीबी धरा. कंपनी ३४ मिनिटं उडतो म्हणते पण ते बिनवाऱ्याचं आणि बॅटरी तळाला नेऊन काढलेलं, आपण २५-३० टक्क्यांवर खाली घेतो, वर जायला यायला वेळ जातो, तर रेकॉर्डिंग धरा २० मिनिटं. झाले साडेबावीस जीबी. तीन बॅटऱ्यांचे सदुसष्ट. तुमच्या ६४ च्या कार्डावर कॉम्प्युटरमध्ये ५९.६ च दिसतात (कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, कोणी चोरलेले नाहीत) आणि त्यात घरी गच्चीवर उडवून बघितलेल्या क्लिपा तशाच पडलेल्या असणार. तिसऱ्या बॅटरीला फुल होणारच होतं, ड्रोनचा काही दोष नाही.

ज्यांच्याकडे जुना मिनी २ किंवा साधा मिनी ३ आहे त्यांचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहितो तो आकडा) जास्तीत जास्त १०० एमबीपीएस आहे, मिनिटाला ७५० एमबी. मॅविक ३ वाल्यांचा २००, तिथे मिनिटाला दीड जीबी. आपला हिशोब आपणच करा, आणि त्याहून सोपं म्हणजे नेहमीच्या सेटिंगला एक मिनिट रेकॉर्ड करून फाईल किती एमबीची झाली ते बघा, कारण हा आकडा जास्तीत जास्तचा आहे, सेटिंगनुसार आणि समोर काय आहे त्यानुसार खरी फाईल कमीही येते.

कार्ड स्लोच्या मेसेजबद्दल. सेकंदाला १९ एमबी ही काही मोठी मागणी नाही. कार्डावर इंग्रजी व्ही आणि त्यापुढे ३० असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ सलग लिहिताना ३० एमबीच्या खाली जाणार नाही असं कंपनी सांगते. यू च्या आत ३ लिहिलेलं असेल तरी तेच. या ड्रोनला व्ही३० पुरेसं आहे, दुकानदार व्ही६० व्ही९० गळ्यात मारायला लागला तर नको म्हणा, सिनेमा कॅमेऱ्याला लागतात ती. ए१ ए२ हे मोबाईलमध्ये ॲप चालवण्यासाठीचं मार्किंग आहे, व्हिडिओशी घेणंदेणं नाही. आणि पुडक्यावर मोठ्या अक्षरात १७०, १९०, २०० एमबी लिहिलेलं असतं ना, तो वाचण्याचा वेग, तोही त्याच कंपनीचा खास रीडर असेल तर. साध्या यूएचएस-१ मध्ये, म्हणजे या कार्डांच्या नेहमीच्या जोडणीत, १०४ च्या वर काही जात नाही. ड्रोनला लिहायचा वेग लागतो आणि तो पुडक्यावर बारीक अक्षरात मागच्या बाजूला असतो किंवा नसतोच.

मग व्ही३० असूनही स्लो का दाखवतं, तर माझ्या अनुभवात दोनच कारणं. पहिलं म्हणजे कार्ड फॉरमॅट न मारता नुसत्या फायली डिलीट करत राहणं. चार क्लिपा उडवल्या, दोन ठेवल्या, परत शूट केलं, परत मधल्या तीन उडवल्या, असं करत करत कार्डावर मोकळी जागा तुकड्या तुकड्यात विखुरते आणि नवीन फाईलला खचाखच भरलेल्या एसटीत चढलेल्या माणसासारखं एक पाय इथे एक पाय तिथे करत जागा शोधावी लागते. फॉरमॅट मारलं की बहुतेक वेळा प्रकरण तिथेच संपतं.

दुसरं कारण, कार्ड डुप्लिकेट आहे. हसू नका, दुकानदाराने “सोबत दिलं” म्हणजे बिलात वेगळं लावलं नाही असाच अर्थ होतो ना, मग ते कुठलं आहे देव जाणे. नामांकित कंपन्यांच्या पुडक्यासकट नकली कार्डं बाजारात आहेत आणि ऑनलाइनही येतात. काही नुसती स्लो असतात, पण वाईट प्रकार म्हणजे आत ८ किंवा १६ जीबीची चिप आणि वर ६४ सांगणारं कार्ड. मोबाईलला, लॅपटॉपला, ड्रोनला सगळ्यांना ते ६४ च सांगतं. खरी जागा संपेपर्यंत सगळं नीट चालतं, त्यापुढे जे लिहिलं जातं ते कुठेच जात नाही किंवा आधीच्यावर बसतं, आणि फायलींची नावं मात्र लिस्टमध्ये छान दिसत राहतात. घरी आल्यावर कळतं. वरातीमागून घोडं.

तपासायला एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट छोटं सॉफ्टवेअर विंडोजवर आहे, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. कार्ड पूर्ण रिकामं करून त्यात चालवायचं, ते कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून बघतं, ६४ ला तास दीड तास लागू शकतो, लागू दे, रात्री लावून झोपा. शेवटी किती जीबी खरे निघाले आणि लिहायचा वेग किती ते सांगतं. वेग ३० च्या खाली आला तर ते कार्ड डॅशकॅमला नाहीतर गाडीतल्या गाण्यांना. नवीन कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, मी या टेस्टशिवाय ड्रोनमध्ये घालत नाही, आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत करा म्हणजे परत करता येतं. ब्रँडचं विचाराल तर सॅनडिस्क एक्स्ट्रीम, लेक्सार १०६६एक्स, किंग्स्टन कॅनव्हास गो प्लस ही डीजेआयच्या स्वतःच्या यादीत आहेत, यातलं जे अस्सल बिलासकट मिळेल ते घ्या, त्यांच्यात आपापसात उगाच भांडत बसण्यासारखं काही नाही.

आता मालवणला प्रत्यक्ष कसं करायचं ते.

बॅटऱ्यांवर मार्करने १, २, ३ लिहा. कार्डांवरही तसंच १, २, ३, पण स्टिकर लावू नका, स्लॉटमध्ये सोलून अडकतो, छापलेल्या बाजूवर बारीक परमनंट मार्करने लिहा. एक नंबरची बॅटरी गेली की एक नंबरचं कार्ड गेलं, डोकं लावायचं नाही. कार्डांची प्लॅस्टिकची छोटी डबी मिळते ती घ्या, रिकामं कार्ड नाव वर करून ठेवायचं, भरलेलं पालथं घालायचं. उन्हात, घाईत, कोणीतरी “झालं का रे” विचारत असताना कुठलं भरलेलं हे आठवत नसतं, पालथं दिसलं की विषय संपला. पाकिटात, शर्टाच्या खिशात, मोबाईलच्या कव्हरमागे ठेवणारे लोक आहेत, त्यांची कार्डं वॉशिंग मशीनमध्ये सापडतात.

कार्ड काढायची पद्धत सांगतो कारण यात खूप लोक घोळ घालतात. मिनी ४ प्रो ला स्लॉट मागे आहे, यूएसबी-सी च्या शेजारी. आधी स्क्रीनवर रेकॉर्डिंग थांबलंय हे डोळ्यांनी बघायचं, मग ड्रोन बंद, मागचे लाइट पूर्ण विझू द्यायचे, त्यानंतर नखाने कार्ड आत दाबायचं, स्प्रिंगने क्लिक होऊन ते बाहेर येतं. ही स्प्रिंग फार बेइमान आहे. बोट पटकन काढलं की कार्ड टिणकन उडतं आणि नखाएवढं काळं कार्ड वाळूत किंवा गवतात गेलं की मग सगळे पाहुणे गुडघ्यावर. दुसरं बोट स्लॉटसमोर आडवं धरून काढा, आणि शक्यतो गाडीत बसून किंवा बॅगेच्या उघड्या झाकणावर. किनाऱ्यावर उभं राहून कार्ड बदलायचंच नाही, खारी वाळू स्लॉटमध्ये गेली तर वेगळंच दुखणं.

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी ओढली किंवा ड्रोन पडला तर शेवटची फाईल करप्ट होते. आत व्हिडिओ असतो पण फाईल कुठे काय आहे हे सांगणारा भाग शेवटी लिहिला जातो, तो राहून जातो, म्हणून प्लेयर उघडत नाही. अशा वेळी कार्ड लॅपटॉपला लावल्यावर त्याने फॉरमॅट करू का विचारलं तर अजिबात हो म्हणू नका. तेच कार्ड त्याच ड्रोनमध्ये परत घालून ड्रोन चालू करा आणि थोडं थांबा, डीजेआयचे ड्रोन बरेचदा स्वतःच ती फाईल दुरुस्त करतात. नाही झालं तर अनट्रंक नावाचं टूल आहे, त्याला त्याच ड्रोनची त्याच सेटिंगवरची एक चांगली फाईल नमुना म्हणून द्यावी लागते, तिच्यावरून ते तुटकी फाईल उभी करतं. चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालं असेल तर पहिली गोष्ट म्हणजे त्या कार्डावर एक फोटोसुद्धा काढू नका, बाजूला ठेवा, घरी येऊन फोटोरेक हे उडालेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. फोटो चांगले परत येतात, व्हिडिओचं खात्रीने सांगता येत नाही, वर म्हटलं तसं तुकड्यात लिहिलेला असेल तर अर्धवट येतो. कोरं फॉरमॅट मारलेल्या कार्डावर सलग लिहिलेला असेल तर शक्यता बरीच जास्त. फॉरमॅट मारून निघा म्हणतो त्याचं हेही एक कारण.

मोबाईलवर एक जादा जाळी लावून ठेवा. डीजेआय फ्लाय या ड्रोन उडवायच्या ॲपमध्ये रेकॉर्ड करताना कॅश (तात्पुरती प्रत) ठेवायची सेटिंग आहे, ती चालू असली की स्क्रीनवर जे दिसतं ते कमी क्वालिटीत फोनमध्ये साठतं. ड्रोन गेलाच तर निदान व्हॉट्सॲपपुरतं काहीतरी राहतं, आणि ड्रोन शेवटी कुठे होता तेही त्यात दिसतं. फोनमध्ये जागा मात्र हवी, आणि कॅशची मर्यादा सेट करून टाका नाहीतर महिन्याने फोन फुल झाला म्हणून ओरडाल.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. टेकऑफपासून लँडिंगपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवायची सवय असेल तर कुठलंच कार्ड पुरणार नाही. २० मिनिटांच्या उड्डाणातलं एडिटमध्ये किती जातं, दीड मिनिट? बाकी नुसतं वर चढणं, वळणं, फ्रेम शोधणं. आधी फ्रेम लावा, हालचाल मनात ठरवा, मग बटण दाबा, मूव्ह पूर्ण करा, संपल्यावर चार-पाच सेकंद थांबून बंद करा. एकेक शॉट २०-३० सेकंदांचा. यात जागा वाचते हे दुय्यम, रात्री बसून फुटेज बघताना जो जीव जातो तो वाचतो. अपवाद लग्नाचा, तिथे अक्षता कधी पडतील आणि नवरा घोड्यावर कधी बसेल आपल्या हातात नसतं, तिथे चालू ठेवावं लागतं आणि म्हणूनच लग्नाला कार्डं जास्त न्यायची. ४के ६० (सेकंदाला ६० फ्रेम) आणि स्लो मोशन ज्याला खरंच लागतं त्यालाच वापरा, हळदीच्या व्हिडिओत सगळंच स्लो मोशनमध्ये बघायला नातेवाईकांनाही कंटाळा येतो.

किल्ल्याचं ओघात आलं म्हणून, सिंधुदुर्ग केंद्र संरक्षित स्मारक आहे, तिथे उडवायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ड्रोन २५० ग्रॅमच्या आत आहे म्हणून सगळीकडे मोकळीक असं समजू नका. जायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय या वेबसाइटच्या नकाशावर झोनही, म्हणजे कुठे परवानगी लागते आणि कुठे नाही, बघून घ्या.

हॉटेलवर आल्यावर जेवायच्या आधी कॉपी लावा, नंतर नाही, नंतर झोप येते. कार्ड रीडर यूएसबी ३ चा घ्या. स्वस्तातला जुना यूएसबी २ चा रीडर ३०-३५ एमबीच्या पुढे जात नाही, एका बॅटरीच्या डेटाला दहा-बारा मिनिटं, तीन कार्डांना अर्धा तासाच्या वर. यूएसबी ३ ला तेच काम पाच पाच मिनिटांत. ड्रोनला थेट केबल लावून कॉपी करता येते पण ड्रोन चालू ठेवावा लागतो, उडताना लागतो तसा वारा लागत नसल्याने तो चांगला तापतो आणि बॅटरीही खातो, मी ते अडीनडीलाच करतो. वायफायवरून फोनमध्ये घेणं रीलच्या दोन-चार क्लिपांपुरतं ठीक.

कॉपी करताना प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर, नाव तारखेपासून सुरू, वर्ष महिना दिवस या क्रमाने, मग गाव, मग कार्ड नंबर. ही शिस्त कशासाठी, तर काही ड्रोनना फॉरमॅटनंतर फायलींचे नंबर परत एकपासून सुरू होतात. मग दोन कार्डांवर दोन वेगळ्या ०००१ नावाच्या फायली असतात, तुम्ही दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ओढता, विंडोज विचारतं “रिप्लेस करू का”, झोपेत माणूस हो म्हणतो आणि सकाळचं शूट संध्याकाळच्या शूटखाली गाडलं जातं, तेही एक एरर न दाखवता. नवीन मॉडेलमध्ये नावातच तारीख-वेळ येते म्हणून धोका कमी झालाय पण वेगळा फोल्डर करायला पैसे पडत नाहीत.

कॉपी करताना आतल्या सगळ्या फोल्डरांसकट पूर्ण कार्ड उचला, नुसत्या एमपी४ निवडू नका. पॅनोरमा आणि हायपरलॅप्स (ओळीने काढलेल्या फोटोंचा जोडलेला वेगवान व्हिडिओ) यांचे मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि लोक तेच विसरतात. (ओरिजिनल सेव्ह करायचा पर्याय चालू असेल तर एका हायपरलॅप्सला शेकडो फोटो पडतात, रॉ (कच्चे, मोठ्या आकाराचे) असतील तर जागा झपाट्याने जाते, लागत नसेल तर बंद ठेवा.) एलआरएफ नावाच्या फायली दिसतील, त्या लो क्वालिटी प्रीव्ह्यू आहेत. त्यांचं नाव बदलून शेवटी एमपी४ केलं की साध्या लॅपटॉपवरही सुरळीत चालतात, म्हणून पहिली छाननी मी त्यांच्यावरच करतो, ४के फाईल उघडून लॅपटॉपला घाम फोडण्यात अर्थ नाही. छाननी झाली की उडवल्या तरी चालतात. सबटायटल्स चालू असतील तर एसआरटी ही त्यांची फाईल पण येते, त्यात उंची, ठिकाण, एक्स्पोजर असतं, काही केबींची फाईल आहे, राहू द्या, कोणी उद्या विचारलं कुठे आणि किती उंचीवर उडवला होता तर उत्तर तुमच्याकडे असतं.

विंडोजवर टेराकॉपी हे कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरा आणि त्यात व्हेरिफायचा पर्याय चालू करा, कॉपी झाल्यावर ते दोन्हीकडच्या फायली वाचून जुळवतं. ते नसेल तर किमान दोन्ही फोल्डरांची फायलींची संख्या आणि एकूण बाइट्स बघा आणि चार क्लिपा उघडून शेवटाकडे ओढून बघा, सुरुवात चालली म्हणजे फाईल पूर्ण आली असं नसतं.

मॅकवाल्यांसाठी, कार्डावरच्या फायली फाइंडरमधून डिलीट केल्या तर त्या कार्डावरच्याच लपलेल्या ट्रॅश फोल्डरमध्ये जातात, जागा मोकळी होत नाही, आणि मग ड्रोन म्हणतो कार्ड फुल आणि माणूस म्हणतो अरे रिकामं आहे. डिलीट करूच नका, ड्रोनमध्ये फॉरमॅट मारा.

आणि फॉरमॅट कधी मारायचं, तर कॉपी झाल्या झाल्या नाही. पुढच्या शूटला निघायच्या आदल्या रात्री मारायचं, तेही ॲपमधून ड्रोनमध्येच, आणि त्याआधी डेटा दोन ठिकाणी आहे हे बघून. तोपर्यंत कार्ड डबीत पालथं पडून राहू द्या, तीच तुमची फुकटची तिसरी कॉपी. तीन कार्डं असली की हे परवडतं, एकच मोठं असलं की परवडत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच लागतं.

लग्नाची कामं घेणार असाल तर, फोटोग्राफर मांडवातच म्हणतो “कार्ड दे, मी टाकून घेतो”. कार्ड द्यायचं नाही. त्याच्या लॅपटॉपवर आपल्या समोर कॉपी मारायची आणि कार्ड खिशात नव्हे तर डबीत टाकून निघायचं, आणि “डेटा मिळाला” एवढा व्हॉट्सॲप त्याच्याकडून घ्यायचा. तुम्ही डेटा किती दिवस ठेवणार हे कोटेशनमध्येच लिहा, नाहीतर दोन वर्षांनी वधूच्या मावशीचा फोन येतो आणि तुम्ही जुन्या हार्ड डिस्क चाळत बसता.

घरच्या साठ्याचं बोलायचं तर दोन हार्ड डिस्क, २ टीबीच्या. एकीवर काम, दुसरीवर फक्त बॅकअप, आणि ती दुसरी शक्य असेल तर वेगळ्या घरात, आईवडिलांकडे गावी, ताईकडे, कुठेही. दोन्ही एकाच कपाटात ठेवून चोरी झाली किंवा पावसात पाणी शिरलं तर दोनचा उपयोग काय. एसएसडी (आत फिरते भाग नसलेली डिस्क) प्रवासात छान, आपटली तरी चालते, पण वर्षानुवर्षं न लावता ठेवून द्यायला मी साधी हार्ड डिस्कच वापरतो, स्वस्तही पडते. क्लाउडचा मोह सगळ्यांना होतो पण गूगलचे फुकटचे १५ जीबी एका बॅटरीलाही पुरत नाहीत, आणि ६० जीबी चढवायला ५० एमबीपीएसच्या अपलोडवर सलग पावणेतीन तास लागतात, तेही लाइट गेली नाही तर. तिथे फक्त तयार झालेला एडिट आणि निवडक क्लिपा टाका.

निवडक कशा करायच्या, तर लॉसलेसकट नावाच्या सॉफ्टवेअरने. हे फुकट आहे, व्हिडिओ परत एन्कोड न करता नुसता कापतं, क्वालिटी तशीच राहते. कट अगदी फ्रेमवर बसत नाही, जवळच्या कीफ्रेमवर (व्हिडिओत अधूनमधून पूर्ण साठवलेली फ्रेम) बसतो, म्हणून पुढेमागे दोन सेकंद सोडून कापा. २० मिनिटांच्या उड्डाणातून चार मिनिटं ठेवली तरी साडेबावीस जीबीचे साडेचार होतात. हे काम आठवड्याच्या आत केलं तरच होतं. मूळ फायली टाकायच्या की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी कामाच्या ठेवतो, हौसेच्या टाकतो. एच.२६५ मध्ये (व्हिडिओ जास्त दाबून लहान करायची पद्धत) परत कन्व्हर्ट करून जागा वाचवायचा सल्ला बरेच जण देतात, मला पटत नाही, ड्रोनच्या फुटेजमध्ये झाडं, पाणी, लाटा असतात आणि कन्व्हर्ट करताना पहिला चुरा त्यांचाच होतो. शूट करतानाच ड्रोनमध्ये एच.२६५ निवडा, लॅपटॉप झेपवत असेल तर.

शेवटचं, तुमच्या ड्रोनमध्ये आतलीच २ जीबी मेमरी आहे. ती दोन मिनिटांचीसुद्धा नाही, पण कार्ड घरी विसरलात तर एक ग्रुप शॉट निघतो, म्हणून ती रिकामी ठेवा, आणि तिच्यावर जुनं काही पडलंय का ते ॲपमध्ये आत्ताच बघून घ्या. दुकानदाराच्या त्या ६४ वर टेस्ट लावा आणि खरे किती जीबी निघाले, वेग किती आला ते इथे टाका. पास झालं तर अजून दोनच घ्यावी लागतील.